शिशापासून सुरुवात : भाट्याच्या पुळणीवर आठ हजारांत रॉड आणि रील

भाऊजी बँकेतून निवृत्त झाले, ठाण्याचा फ्लॅट भाड्याने दिला आणि ताईला घेऊन रत्नागिरीच्या घरी कायमचे राहायला आले. पहिले दोन महिने कौलं, नळ आणि वायरमन यांच्यात गेले. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी चहा घेताना म्हणाले, "अरे, तू भाट्याला गरवायला जातोस ना? मीही येणार आता. सामान मागवलंय."

सामान मागवलंय हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

गरवण्याच्या, म्हणजे गळाने मासे पकडायच्या, सामानाबद्दल मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. पाच हजारांत कुठला रॉड, आठ हजारांत कुठलं रील, अमुक कंपनी बरी का. एका वाक्यात उत्तर देता येत नाही आणि मोठं उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. भाऊजींचं प्रकरण मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर घडलं. फसलेली खरेदी आणि नंतरची बरी खरेदी, दोन्ही एकाच माणसाची आणि एकाच किनाऱ्यावरची. शिवाय माणूस बँकेतला, त्यामुळे रुपयान् रुपया वहीत लिहिलेला. त्या वहीवरूनच हे लिहितोय.

चौदा फुटांचा पराक्रम

खोक्यातून निघाला १४ फुटी टेलिस्कोपिक रॉड, म्हणजे छत्रीच्या दांड्यासारखा एकातून एक बाहेर ओढायचा. त्यावर '९९ टक्के कार्बन' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं. सोबत चकचकीत रील, त्यावर '१३+१ बेअरिंग'. वर तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, एक रीळ, प्लास्टिकच्या चार खोट्या कोलंब्या आणि एक पिशवी. सगळं मिळून २,४०० रुपये. भाऊजींचा हिशेब साधा होता: काठी जेवढी लांब तेवढं लांब पडणार, आणि लांब पडलं की मोठा मासा.

पहिल्या दिवशी तो रॉड पूर्ण उघडल्यावर भाऊजी त्याच्यामागे लपल्यासारखे दिसत होते. उंची पाच फूट चार इंच, वय ६१, आणि उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी धरलेला. व्यायाम करून तो सुटला, पण हात कानाच्या मागे नेला की अजून कळ येते. १४ फुटी काठी फेकायची म्हणजे तिचं टोक आधी मागे पाडायचं आणि मग दोन्ही हातांनी झटक्यात पुढे आणायचं. टोक जितकं दूर, तितका त्याचा भार मनगटाला आणि खांद्याला जास्त. रॉड वाकलाच नाही, नुसता झुलला. शिसं, म्हणजे तंगुसाला लावायचं वजन, पडलं वीस-पंचवीस पावलांवर, फुटणाऱ्या पहिल्या लाटेच्या अलीकडे.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. आधी रीलची बेल, म्हणजे तंगूस अडवणारी ती अर्धगोल तार, फेक अर्ध्यात असतानाच खट्कन बंद झाली. तंगूस तटकन तुटलं आणि शिसं सुटून गेलं. नशीब की समुद्राच्या दिशेने गेलं. सत्तर-ऐंशी ग्रॅमचं शिसं मागे उभ्या असलेल्याच्या डोक्यात बसलं तर काय होईल ते सांगायला नको.

मग रॉड मिटायला गेलो तर मधले दोन भाग हलेनात. सांध्यात वाळू गेली होती. टेलिस्कोपिक रॉडचं पुळणीवरचं मोठं दुखणं हेच: तो ओल्या वाळूत एकदा आडवा पडला की प्रत्येक सांधा पॉलिश पेपर होतो. भाऊजींनी रुमाल गुंडाळून पिळला. कट् असा आवाज आला आणि वरून तिसरा भाग उभा चिरला. चिरलेल्या कडेला पांढरे धागे लोंबत होते. कार्बनचे धागे काळे असतात, पांढरी असते ती काच. ९९ टक्क्यांतलं उरलेलं १ टक्का नेमकं तिथेच आलं असावं.

ताई त्या संध्याकाळी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, "आता तू घेऊन दे त्यांना. आठ हजार. त्याच्यावर एक पैसा नाही."

आधी शिसं

माझं म्हणणं असं की रॉड निवडताना गरीच्या टोकापासून मागे यावं. बहुतेक जण रीलपासून पुढे जातात, कारण रील दिसायला देखणं असतं. पण समुद्रात पडून राहतं ते शिसं. ते किती ग्रॅमचं लागणार हे किनारा ठरवतो. शिसं ठरलं की त्याला फेकणारा रॉड ठरतो, रॉड ठरला की तंगूस, आणि ते तंगूस ज्याच्यात मावेल ते रील. उलट गेलं की १४ फुटी पराक्रम होतो.

म्हणून आम्ही आधी रॉड बघायला गेलोच नाही. १६० रुपयांची शिसं आणली: ६०, ८० आणि १०० ग्रॅम, काही गोल आणि काही वर चौकोनी, खाली निमुळती होत जाणारी, ज्यांना पिरॅमिड म्हणतात ती. जाड तंगुसाला बांधून हाताने फेकायची. गुडघाभर पाण्यात उभं राहून बाजूने झोका दिला की पंचवीस-तीस पावलं जातात. राजिवडा या मच्छीमार वस्तीतले म्हातारे अजून असंच गरवतात आणि रॉडवाल्यांपेक्षा जास्त मासे नेतात.

भाट्याची पुळण काजळी नदीच्या मुखाला लागून आहे. भरतीचं पाणी खाडीत शिरतं तेव्हा किनाऱ्यालगतची ओढ खाडीच्या तोंडाकडे असते, ओहोटीला उलटी. पुलाच्या बाजूला ती जोरात जाणवते आणि सुरूच्या बनापुढे, झरी विनायकाच्या अंगाला कमी होते. आम्ही बनासमोरची मधली जागा धरली, कारण भाऊजींना तिथे स्कूटर सावलीत लावता येते. अशी कारणंही निवडीत धरायची असतात.

६० ग्रॅमचं गोल शिसं दोन मिनिटांत खाडीकडे चालू लागलं. तंगूस समोर सरळ होतं, ते बघता बघता तिरकं झालं. शेजारी हातगरी घेऊन बसलेले राजिवड्याचे एक चाचा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "तुमचं शिसं चालतंय, आणि मासा तर उभा आहे." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. मासा चरात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खोलगट पट्ट्यात, उभा राहून वाहून येणारं खातो, आणि आपलं आमिष त्याच्यासमोरून गाडीसारखं निघून जातं.

८० ग्रॅमचा पिरॅमिड बहुतेक दिवस टिकला. आम्ही अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांतही बघितलं आणि अमावास्येच्या उधाणालाही. उधाणाला १०० लागलं. त्यापुढे जायची गरज पडली नाही. आठ दिवसांच्या या उद्योगातून एकच ओळ वहीत लिहिली गेली: '८० ते १०० ग्रॅम, पिरॅमिड, अधिक आमिष १० ते १५ ग्रॅम.'

आणखी एक गोष्ट आपोआप कळली. त्या आठ दिवसांत हाताच्या गरीला सात मुडदुश्या लागल्या, त्याही पंचवीस-तीस पावलांवर. किनाऱ्यालगत लाट फुटते त्याच्या आत एक चर पडलेला असतो. ओहोटीला जाऊन पाहिलं तर पाण्याचा जरा गडद, शांत पट्टा दिसतो. मुडदुशी वाळूतले किडे आणि बारीक कोलंबी खाते, ती या चरात फिरते. शिंगाळा भरतीला आत येतो. रावस आणि जिताडा खाडीच्या मुखाशी फिरतात, पण ते भाऊजींच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे मासे. पहिल्या वर्षी शंभर मीटर फेकायची गरजच नव्हती. भाऊजी या गोष्टीवर जरा खट्टू झाले.

दहा, बारा की अकरा

मग लांब रॉड घ्यायचाच कशाला? दूर फेकण्यापलीकडे त्याचा एक उपयोग असतो, तो फारसा कुणी सांगत नाही. रॉड वाळूत उभा केला की तंगूस पहिल्या फुटणाऱ्या लाटेच्या वरून जायला हवं. ते लाटेत सापडलं तर प्रत्येक लाट त्याला ओढते, शिसं उपटतं आणि टोकावर मासा नाचतोय की लाट हे कळत नाही. त्यासाठी उंची लागते. भाट्याला हिवाळ्यात पहिली लाट कमरेएवढी असते.

माझा १० फुटी रॉड होता, मित्राचा १२ फुटी मागून आणला. दोन्हीला ८० ग्रॅम शिसं, आमिष नाही, सकाळची वेळ. सकाळी मतलई वारा पाठीमागून असतो, फेक सोपी जाते. दुपारनंतर खारे वारे तोंडावर आले की तीच फेक दहा पावलं कमी पडते. म्हणून तुलना एकाच वेळेला करायची. भाऊजी फेकणार, मी ओहोटीच्या ओल्या वाळूवर पावलं मोजणार. किनाऱ्याला समांतर फेकलं तर मोजायला बरं पडतं, मात्र पुळण दोन्ही बाजूंना रिकामी असेल तरच.

१२ फुटीने पहिल्या दहा फेकींची सरासरी आली ७२ पावलं, १० फुटीने ६६. फरक सहा पावलांचा. पण पंधराव्या फेकीनंतर १२ फुटी ५५ वर घसरला आणि भाऊजी खांदा चोळायला लागले. १० फुटी विसाव्या फेकीलाही साठच्या वर होता. मधला मार्ग म्हणून ३.३ मीटर, म्हणजे जवळपास ११ फूट ठरला. लाटेवरून तंगूस नेण्याइतकी उंची, खांद्याला झेपेल एवढा भार.

यात बुडाच्या लांबीचाही भाग आहे. रॉडचं बूड काखेत धरायचं, हात दांडीवरून सरळ पुढे न्यायचा. मूठ जिथे येते तिथे रीलची बैठक हवी. भाऊजींचा हात आखूड. मित्राच्या १२ फुटीची बैठक त्यांच्या मुठीच्या वीतभर पुढे होती, म्हणून प्रत्येक फेकीत खालचा हात ओढून आणावा लागत होता. उंच माणसाला तोच रॉड सोयीचा वाटला असता.

आता लेबल. रॉडवर फेकायच्या वजनाचा पल्ला ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. स्वस्त रॉडवरचा वरचा आकडा मी मनातल्या मनात वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी धरतो. १०० ग्रॅम शिसं आणि १५ ग्रॅम आमिष सुखाने जायला हवं असेल तर वरचा आकडा १५० च्या आसपास बघायचा. फार वरही जायचं नाही. २५० ग्रॅमच्या रॉडला ८० ग्रॅम लावलं तर तो वाकतच नाही, आणि न वाकलेला रॉड म्हणजे नुसती काठी. फेक त्याच्या वाकून सरळ होण्यातून येते.

कार्बन हलका आणि चपळ, काच जड पण सोशिक. निव्वळ कार्बनचा रॉड स्कूटरच्या आरशावर आपटला की त्या जागी बारीक चीर पडते आणि पुढच्या फेकीत तो तिथेच तुटतो. आमच्या बजेटमध्ये दोन्हींच्या मिश्रणाचा, तीन तुकड्यांचा रॉड बसला. तीन तुकडे म्हणजे प्रत्येकी जेमतेम १.१ मीटर, स्कूटरला उभा बांधता येतो. दोन तुकड्यांचा रॉड जास्त चांगला वाकतो, हे मला मान्य आहे, पण १.६५ मीटरचा तुकडा स्कूटरवर बांधून भाट्याच्या पुलावरून जाणाऱ्या ६१ वर्षांच्या माणसाच्या मागे मी गाडी चालवलेली नाही, आणि चालवायचीही नाही.

रॉड घरी आल्यावर ताईचा जुना नायलॉनचा मोजा घेतला आणि तंगूस ज्यांतून जातं त्या प्रत्येक कडीतून ओढला. कडीच्या आतल्या चिनी मातीसारख्या रिंगला केसाएवढी चीर असेल तरी मोजा अडकतो. तीच चीर तंगूस कापते. चौथ्या कडीत अडकला. रॉड परत गेला, आठ दिवसांनी दुसरा आला. किंमत २,६००.

रीलचे आकडे

दुकानात आणि ऑनलाइन डायवा, शिमानो, पेन, ओकुमा, अबू गार्सिया अशी नावं दिसतात, शिवाय कालपरवा जन्मलेली पन्नास. मॉडेल सतत बदलतात म्हणून नेमकं मॉडेल सांगण्यात अर्थ नाही. माझा कल एवढाच: जुन्या नावाची सर्वांत खालची पायरी ही नव्या नावाच्या सोनेरी रीलपेक्षा बरी, कारण दोन वर्षांनी हँडल तुटलं तर ते कुठे मागायचं हे माहीत असतं.

भाऊजींना बेअरिंगच्या आकड्याचं आकर्षण होतं. खाऱ्या पाण्यात साधी पोलादी बेअरिंग चौदा असली तर गंजायला चौदा जागा झाल्या. चार असावीत, पण स्टेनलेसची. दुसरं आकर्षण ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस धरून ठेवणाऱ्या ब्रेकच्या, किलोचं. '१५ किलो ड्रॅग' लिहिलेलं रील घेऊन आपण त्यावर साडेसात किलोला तुटणारं तंगूस भरणार. ते पंधरा किलो कधी वापरात येणार? बघायचं ते ड्रॅग सुटताना झटका देतो का. दुकानात तंगूस हाताने सावकाश ओढलं की कळतं. झटक्याने सुटणाऱ्या ड्रॅगवर मासा पहिल्या धावेतच तोडून जातो.

तंगूस ०.३५ मिलिमीटर ठरलं होतं आणि मला स्पूलवर, म्हणजे रीलच्या ज्या चाकावर तंगूस गुंडाळतात त्यावर, २०० मीटर तरी हवं होतं. आमच्या पसंतीच्या ५००० आकाराच्या रीलवर लिहिलेलं होतं ०.४० मिलिमीटर, १८० मीटर. भाऊजींनी लगेच विचारलं, मग ०.३५ किती? जागा जाडीच्या वर्गाने व्यापली जाते. ०.४० चा वर्ग ०.१६, ०.३५ चा ०.१२२५. १८० ला ०.१६ ने गुणून ०.१२२५ ने भागलं की २३५. निवृत्त बँकवाल्याला यापेक्षा जास्त आनंद कशातच नव्हता. त्यांनी मग दुकानातल्या सगळ्या रीलांची तशी कोष्टकं केली.

गुणोत्तर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला तंगुसाचे वेढे किती, ४.९ ला १. स्पूल साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे एका वेढ्याला सतरा सेंटिमीटर, आणि हँडलच्या एका फेऱ्याला साधारण ८५. साठ मीटरवरून सत्तर फेऱ्यांत शिसं परत. भरधाव गुंडाळणारी ६ च्या वरची रीलं आर्टिफिशल आमिष ओढणाऱ्यांसाठी. वाळूत रुतलेला पिरॅमिड उपटायला सावकाश, ताकदीचं गुणोत्तर बरं. बॉडी ग्रॅफाइटची, स्पूल धातूचा. धातूच्या बॉडीचं रील भक्कम असतं, पण रंगाला ओरखडा गेला की तिथून मीठ आत शिरतं, आणि भाऊजी सामान कसं ठेवतात हे मी पाहिलेलं होतं. किंमत ३,२००.

तंगूस आणि बाकीचं

भाऊजींना विणलेली ब्रेड दोरी हवी होती. ती बारीक असते, ताणत नाही, दूर जाते, सगळं खरं. पण नवशिक्याच्या हाती वाऱ्यात तिचा जो गुंता होतो तो सोडवण्यापेक्षा लग्नातल्या याद्या जुळवणं सोपं. नायलॉन थोडं ताणलं जातं, आणि तो ताणच नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. ३५० रुपयांत काम झालं. स्पूल काठापासून दोनेक मिलिमीटर खाली राहील इतका भरायचा. कमी भरला तर तंगूस काठाला घासतं आणि फेक आखूड पडते, जास्त भरला तर वेढे एकदम सुटतात.

मात्र एका जागी मी हट्ट केला. ०.३५ च्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा, ज्याला शॉक लीडर म्हणतात. पहिलं शिसं सुटून गेलं त्यात बेलइतकाच त्याच्या नसण्याचाही हात होता. अंदाज असा: प्रत्येक २८ ग्रॅम शिशामागे साडेचार किलोची ताकद. १०० ग्रॅमला १६ किलो, म्हणजे ०.५५ ते ०.६० मिलिमीटर. लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर स्पूलवर पाच-सहा वेढे. ११ फुटी रॉडला आम्ही आठ मीटर घेतलं. लीडरचं रीळ १८० रुपये. जोड दोन्हीकडून युनी गाठीने, टोकं अगदी बुडाशी कापून, नाहीतर कड्यांतून जाताना टकटक करते.

गऱ्या, स्विव्हल (तंगुसाला पीळ पडू नये म्हणून लावायची फिरती कडी) आणि शिसं मिळून ४५०. मुडदुशीला ८ नंबरची बारीक गरी आणि सोललेल्या कोलंबीचा नखाएवढा तुकडा. शिंगाळ्याला २/० ची गरी आणि बांगड्याची पट्टी. डोक्याला बांधायची बॅटरी ५००. रॉड उभा करायला दुकानात स्टँड ९०० चा होता. आम्ही दीड इंची पीव्हीसी पाइप तीन फूट घेतला आणि खालचं टोक कलमासारखं तिरकं कापलं. १२० रुपये.

बेरीज ७,४००.

वापर

डिसेंबरातल्या एका सकाळी, भरती अर्धी चढलेली, भाऊजींनी ड्रॅग लावायला सामानाची बॅग तोलायचा ठाण्याचा काटा आणला. तंगूस काट्याच्या आकड्याला बांधलं, रॉड वाकवला आणि दोन किलोवर ड्रॅग सुटेल एवढी गुंडी फिरवली. तुटायच्या ताकदीचा चौथा ते तिसरा भाग हे जुनं माप आहे. मी अंदाजाने हातानेच लावतो. त्यांच्या काट्याने माझं रील तपासलं तर साडेतीन किलोवर सुटत होतं. मी गप्प बसून ते सैल केलं.

त्या दिवशी पाच मुडदुश्या आणि एक शिंगाळा. मुडदुशीचा ठोका कळला आणि दिसला तो रॉडच्या टोकामुळे. दोन झटके, मग थरथर. शिंगाळ्याला हात लावायला भाऊजी पुढे झाले तेव्हा मात्र मी ओरडलो. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो. पक्कड आणि जाड फडकं लागतं. काटा बसलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

खांद्याबद्दल वहीत रोजची नोंद आहे: फेकी किती, कळ आहे की नाही. पहिल्या महिन्यात सकाळी बारा-पंधरा फेकी, कळ नाही. दुसऱ्या महिन्यात वीस. सरासरी ७० पावलं, त्यातली चाळीस उगाचच, कारण मासे अजूनही चरातच लागतात. भाऊजी तरीही लांबच फेकतात आणि मग गुंडाळत गुंडाळत चरात आणतात. त्यांच्या आनंदाचा भाग तो.

तीन तुकड्यांच्या रॉडची खोड जानेवारीत दिसली. फेकता फेकता वरचा तुकडा हळूहळू फिरतो आणि कड्या एका रेषेत राहत नाहीत. दर आठ-दहा फेकींनंतर एक डोळा मिटून कड्यांतून बघायचं. सांध्याला मेणबत्तीचं मेण चोळल्यावर ते बरंच कमी झालं.

रीलची चूक फेब्रुवारीतली, आणि अर्धी माझी. मी सांगितलं होतं, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. कसं ते सांगितलं नाही. भाऊजींनी बागेच्या नळीला अंगठा लावून जोरात फवारा मारला. त्या जोराने मीठ आणि वाळू आणखी आत गेली. आधी लाइन रोलर अडला, म्हणजे बेलच्या तारेच्या बुडाशी तंगूस ज्यावरून वळतं ती फिरकी. ती फिरेनाशी झाली की तंगूस एकाच जागी घासतं. तसं ते एकदा तुटलं, शिसं आणि लीडर गेले. रोलर उघडला तर आत पिठासारखी वाळू. पुसून, एक थेंब तेल टाकून पुन्हा बसवला. आता ड्रॅगची गुंडी घट्ट करायची, ओल्या फडक्याने पुसायचं किंवा झारीने हलकं पाणी सोडायचं, सावलीत वाळवायचं, मग गुंडी सैल करून ठेवायचं. सैल न करता ठेवलं तर आतल्या चकत्या दबून चिकटतात.

रॉडच्या लांबीबद्दल पुन्हा विचारलंत तर मी आजही ३.३ मीटरच सांगेन, पण गणपतीपुळ्याला किंवा गुहागरला जाणाऱ्याला नाही; तिथे जाऊन आधी शिसं टाकून बघा म्हणेन. रीलवर मात्र मी दोनशे-तीनशे जास्त घातले असते, झाकणबंद रोलरच्या मॉडेलसाठी. तेवढे शिल्लक होते. मी कंजुषी केली.

ताईने शिमग्यानंतर हिशेब मागितला. भाऊजींनी वही दाखवली, ७,४००, म्हणजे आठ हजारांच्या आत. ताईने पेन्सिलीने खाली पहिले २,४०० लिहिले आणि ९,८०० करून वही परत दिली. भाऊजींनी वाद घातला नाही. एप्रिलमध्ये मात्र मी गेलो तर तो चिरलेला १४ फुटी रॉड अंगणात उभा होता. वरचे बारीक भाग काढून टाकलेले, खालच्या चार भागांच्या टोकाला आंबे काढायचा झेला बांधलेला. बांबूपेक्षा हलका पडतो म्हणे, आणि मागच्या हापूसच्या शेंड्यापर्यंत पोचतो. पुढच्या कलमावरून विजेची तार गेलीय, तिथे हा झेला न्यायचा नाही असं मी बजावलं. आत काच निघाली असली तरी लेबल कार्बन म्हणतंय, कार्बनमधून वीज वाहते, आणि तारेपाशी उगाच परीक्षा कशाला. ताईने पेन्सिल घेऊन वहीतल्या २,४०० समोर 'झेला' असं लिहिलं.